अक्काचे हात

जुईचा लंगोट बदलायची वेळ आली की सानिका आधी डोळे मिटून घ्यायची. आज किती लाल असेल, एवढाच प्रश्न. मांड्यांच्या सांध्यांत चट्टे, बुडावर चट्टे, कडेकडेने बारीक पुरळ, आणि नुसतं कोमट पाणी लागलं तरी पोरगी असा टाहो फोडायची की खालच्या मजल्यावरचे लोक लिफ्टमध्ये विचारपूस करायचे. तीन महिन्यांचं मूल ते. त्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

सांगलीतल्या त्या फ्लॅटमध्ये तसं कशाचंच उणं नव्हतं. सानिका घरी बसून द्राक्षांचे कंटेनर सांभाळायची. कंटेनर असायचे भर समुद्रात नाहीतर परदेशातल्या कुठल्याशा धक्क्यावर, पण त्यांच्या आतलं तापमान अर्ध्या अंशाने जरी सरकलं तरी सानिकाच्या पडद्यावर घंटा वाजायची आणि ती इथून बोट लावून ते ठिकाणावर आणायची. द्राक्षाचा एक मणी तिने कधी सुरकुतू दिला नव्हता. स्वतःची लेक मात्र डोळ्यांदेखत सोलून निघत होती, आणि तिथे कुठलीच कळ दाबता येत नव्हती. नवरा संग्राम पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता; स्वभावाने गोड, आणि काही ठरवायची वेळ आली की नेमका बाथरूममध्ये सापडणारा.

आणि होती सुवर्णाअक्का, संग्रामची थोरली बहीण. तासगावकडच्या एका गावात ती झबली-टोपडी शिवून विकायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूल झालं नाही, आणि तरी आजूबाजूच्या गावांतलं एकही बाळंतपण तिच्याशिवाय पार पडत नव्हतं. सानिकाला आई नव्हती, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरही नव्हतं. अक्काने हे ऐकलं, दुकानाचं शटर ओढलं आणि ट्रंक घेऊन येऊन दारात उभी राहिली. "बाळंतीण उठून बसंपर्यंत ऱ्हाते," म्हणाली. बाळंतीण उठून बसली, पडद्यापुढे कामालाही लागली, अक्का होतीच.

बारशाला तिनेच जुईच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. रोज सकाळी पाय लांब करून पाटावर बसायची, पोरीला पायांवर पालथं घालायची आणि तेल चोळता चोळता तिच्याशी गावभरच्या गप्पा मारायची. धुऊन धुऊन मऊ झालेली आपली जुनेरं फाडून तिने दुपटी केली होती. "नवं कापड लेकराला लावू नये, टोचतंय," हे तिचं शास्त्र. जुई तिच्या हातात गेली की रडायची थांबायची. हे सानिकाला दिसत होतं, आणि दिसायला नको असं वाटत होतं. सिझेरियनचे टाके पिकल्यामुळे कित्येक आठवडे ती जबर प्रतिजैविकांवर होती. अंगावरचं दूध बंद, सारखे हात जंतुनाशकाने पुसायचे, बाळाला जपून आणि थोडकंच घ्यायचं. ती बरी झाली तोवर घराचा एक रिवाज पडून गेला होता आणि त्या रिवाजात तिची जागा बाटली गरम करण्यापुरती उरली होती.

आता लंगोटाने पुरळ का येतं, ते जरा सांगायला हवं. माणसाची निरोगी कातडी किंचित आंबट असते. त्या आंबटपणावर तिचं सगळं संरक्षण उभं असतं. बंद लंगोटात शू आणि शी एकत्र आली की शीमधले जंतू शूचा अमोनिया करतात, आंबटपणा जातो, आणि शीमधलेच पाचक रस मोकाट सुटून कोवळी कातडी कुरतडू लागतात. वापरून फेकायच्या लंगोटांतलं पाणी शोषणारं जेल ओल धरून ठेवतं हे खरं, पण आतली ऊब जात नाही, आणि उबेत बुरशी सुखाने नांदते. आधी त्यावर एक मलम पुरायचं. पण ऊठसूट औषधं वापरून आपण त्या बुरशीला इतकं निर्ढावून ठेवलं की जुईच्या पिढीपर्यंत ती एकाही मलमाला जुमानेनाशी झाली.

त्यावर निघाला होता 'निकोप' नावाचा जिवंत लंगोट. त्याच्या आतल्या थरात निरुपद्रवी जीवाणू पेरलेले असत. ते कातडी आंबट ठेवत आणि बुरशीला पाय ठेवू देत नसत. मेख एकच होती. हे जीवाणू कुठलेही चालत नाहीत. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाचं शरीर शिकतं, की कातडीवर राहायला आलेल्यांपैकी घरचे कोण आणि कुणाशी भांडायचं. एकदा घरचे ठरले की त्यांच्यावर शरीर हात उगारत नाही. म्हणून आईच्या हातावर कापसाचा बोळा फिरवायचा, त्यातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे, आणि त्यांचे लंगोट थंड पेटीतून दर आठवड्याला घरी यायचे. आईच्या मायेचा लंगोट, अशी जाहिरात होती. बहुतेक बाळं चार दिवसांत स्वच्छ व्हायची.

सानिकाने आपल्या हाताचा नमुना दिला. पेटी आली त्या दिवशी तिने स्वतः पहिला लंगोट बांधला, अक्काला जवळ येऊ दिलं नाही. चार दिवसांनी जुईच्या मांड्यांतून रक्त दिसायला लागलं.

मिरजेच्या डॉक्टर नाझनीन मुजावर फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी घरातल्या सगळ्यांचे नमुने मागवले आणि आठवड्याने सानिकाला एकटीलाच समोर बसवलं.

"तुमचे जीवाणू जुईच्या कातडीला परके वाटताहेत," त्या म्हणाल्या. "तिच्या अंगावर घरचे म्हणून जे बसलेत ते तुमच्या नणंदेचे आहेत."

सानिका म्हणाली, "म्हणजे तिला अक्काच आई वाटते."

"अजिबात नाही. यात मायेचा संबंध नाही. ती जाहिरात लिहिणाऱ्याला मी एकदा भेटणार आहे." डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. "नेमक्या त्या आठवड्यांत तुम्ही प्रतिजैविकांवर होतात. तुमच्या हातांवर द्यायला काही उरलंच नव्हतं. ज्यांच्या हातांवर होतं त्यांनी दिलं. नशीब समजा, कुणीतरी होतं. अक्कांच्या नमुन्याचे लंगोट मागवू, आठवड्यात पोरगी हसायला लागेल."

"दुसरा काही मार्ग?"

"आहे. पण मी सुचवणार नाही."

"तरी सांगा."

डॉक्टरांनी नाइलाजाने सांगितलं. निकोपचा एक जहाल प्रकार निघतो. त्यातले जीवाणू आधीच्यांशी लढून त्यांना हुसकून लावतात. ज्या घरात सांभाळणाऱ्याच्या अंगावर धोक्याचे जंतू असतात अशांसाठी तो केलेला. त्यासाठी त्या माणसाने बाळाला हात लावायचा नाही आणि फक्त आईने उघड्या अंगाशी धरायचं. महिना जाईल, जास्तही जाईल. तोवर बाळाचे हाल. "आणि एक लक्षात घ्या. ही उलटी शिकवण झाली की आधी जे घरचे होते ते शत्रू ठरतात. सहा महिन्यांनंतर कातडी सहसा पुन्हा शिकत नाही. निदान दोनेक वर्षं तरी नाही."

सानिकाने सगळं नीट ऐकलं. ती हुशार होती, शिकलेली होती, आणि डॉक्टरांचा शब्दन् शब्द तिला कळला होता. पण 'परके' हा शब्द तिच्या घशात काट्यासारखा अडकून बसला, आणि पुढचं सगळं त्या काट्याने ठरवलं. तिने जहाल लंगोटांच्या कागदावर सही केली.

घरी आली तेव्हा अक्का भाकरी थापत होती. जुई पाळण्यात होती.

"काय म्हणली डाक्टरीण?"

अक्काला काय सांगायचं हे सानिकाने वाटेत ठरवलं नव्हतं. खरं सांगितलं असतं, तर अक्का म्हणाली असती, मग माझ्याच हाताचा घे की गं, त्यात काय एवढं. आणि त्यावर सानिकाकडे काही उत्तर नव्हतं. म्हणून तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"अक्का, तुमच्या हातांवरचे जंतू तिला बाधतात म्हणाल्या. त्यानेच होतंय सगळं."

अक्काचे हात परातीत थांबले. पिठाने भरलेले ते दोन्ही हात तिने वर उचलले आणि उलटसुलट करून बघितले.

"माझ्या?"

"तुमचा दोष नाही त्यात. पण काही दिवस तुम्ही तिला हात लावायला नको."

अक्का उठली, मोरीत गेली आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, पण आवाज नेहमीचा नव्हता. "आधी सांगायचं न्हाई व्हय गं कुणी? रोज चोळत हुते पोरीला. रोज रडवत हुते."

तव्यावरची भाकरी करपली. तेवढ्यात खरं सांगता आलं असतं. सानिकाने गॅस बंद केला.

संग्रामला तिने तेच सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघी बघा बाई," आणि टॉवेल घेऊन आत गेला. दुसऱ्या दिवशी अक्का एसटीने निघाली. ट्रंक दाराबाहेर ठेवल्यावर सानिका जुईला घेऊन पुढे आली, तशी अक्का दोन पावलं मागे सरकली. "नगं नगं, हितनंच बघते." आणि उंबऱ्यापलीकडून तिने पोरीच्या दिशेने बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

पुढचे दिवस सानिकाला नंतर कधी धड आठवले नाहीत, इतके ते एकासारखे एक होते. रजा टाकून ती जुईला उघड्या अंगाशी धरून बसायची. पोरगी ओरडून ओरडून निळी पडायची. कातडीवर लढाई चालू होती, आणि रणांगण होतं वीतभर. संग्रामला ते बघवायचं नाही. "एवढं का करतोय आपण? दुसरं काहीच नाही का?" त्याने एकदा विचारलं. सानिका म्हणाली, नाही. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप तोंडात येतं.

मधेच तिच्या लक्षात आलं, की एका दुपट्यात गुंडाळलं की जुई शांत होते. निळ्या रंगाचं, काठ विरलेलं ते अक्काचं जुनेर होतं. सानिका ते हातात घेऊन उभी राहिली. मग तिने ते कुकरमध्ये घातलं, झाकण लावलं आणि शिट्ट्या होऊ दिल्या. उकळून निघालेलं ते कापड वाळल्यावर तिने जुईखाली घातलं. पोरगी आता त्यातही रडू लागली. आणि खरं सांगायचं तर सानिकाला त्या क्षणी बरं वाटलं.

शेवटी एका सकाळी लालसरपणा फिका पडला. मग पुरळ वाळलं, साल निघाली, आणि आतून अशी नितळ कातडी आली की सानिका तिथे गाल टेकवून कितीतरी वेळ रडली. जुई आता तिच्या हातात आली की गप्प व्हायची. हे तिचंच मूल होतं, आणि आता कातडीनेही ते मान्य केलं होतं. अक्काचा फोन आला तेव्हा ती आनंदात होती.

"बरी झाली न्हवं? मग झालं," पलीकडून अक्का म्हणाली. "मला माफ कर गं. माझ्यापायी लई सोसलं लेकरानं."

"असं काय बोलताय, अक्का," सानिका म्हणाली. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जुई रडली आणि तिने फोन ठेवला.

सहाव्या महिन्यात उष्टावण केलं. बंगळुरूहून सानिकाचा भाऊ आला, त्याने चांदीच्या वाटीतली खीर भाचीच्या ओठांना लावली, पोरीने ती सगळी त्याच्या शर्टावर फुर्रकन उडवली, घर हसलं. अक्का आली होती. भिंतीला टेकून, हात पदराखाली घेऊन बसली होती. तिला तसं बसलेलं बघून सानिकाला कसंतरी झालं. जिंकलेल्या माणसाला दया सुचते, तशी तिला सुचली. डॉक्टरांचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. पण इतकी गुटगुटीत पोरगी, इतकी नितळ कातडी, एवढ्यातेवढ्याने काय होणार, असं तिने स्वतःलाच समजावलं. तिने जुईला उचलून अक्काच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या अक्का. आता काही होत नाही तिला."

"खरं?" अक्काने विचारलं. आणि मग पदराखालून ते हात बाहेर आले. जुईने तिच्या तोंडाकडे बघितलं, क्षणभर विचार केला आणि मान टाकली तिच्या खांद्यावर. अक्का डोलत राहिली. गावाकडच्या शेळ्यांची, कोंबड्यांची, नव्या सुनांची खबर पोरीच्या कानात सांगत राहिली. घटकाभर तिच्याइतकं सुखी माणूस त्या घरात दुसरं नव्हतं.

मग जुई कुरकुरायला लागली. अक्काने तिला खांद्यावरून खाली घेतलं आणि तिला दिसलं. पोरीच्या मांडीवर, दंडावर, मानेमागे, जिथे जिथे तिने धरलं होतं तिथे तिथे लाल वळ उठले होते. पाचही बोटं मोजता यावीत असे.

"घामोळं असंल," कुणीतरी म्हणालं. "पावडर लावा," संग्राम म्हणाला.

अक्काने जुईला अलगद सतरंजीवर ठेवलं. "बघ," ती सानिकाला म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता, "डाक्टरीण म्हणलीच हुती."

सानिकाला बोलायचं होतं. घर पाहुण्यांनी भरलं होतं, भाऊ बघत होता, नवरा पावडर शोधत होता. ती जे खोटं बोलली होती ते आता सगळ्यांसमोर खरं झालं होतं, आणि ते खरं करायला तिनेच महिनाभर जिवाचं रान केलं होतं. तिने जुईला उचललं आणि आतल्या खोलीत गेली. खिडकीशी उभी राहून ती वळांवर फुंकर घालत राहिली. संध्याकाळपर्यंत वळ गेले. अक्का त्याआधीच गेली होती.

त्यानंतर अक्का सणावाराला यायची, पण जुई जवळ आली की हात पाठीमागे बांधून वाकायची आणि तसंच बोलायची. जुई चालायला लागली, बोलायला लागली, तिचे लंगोट सुटले. दोन वर्षं उलटून गेल्यावर डॉक्टर मुजावरांनी तिची पुन्हा तपासणी केली आणि म्हणाल्या, "छान. मोठी झाली कातडी. आता कुणीही घेऊ दे, काही होणार नाही."

सानिका त्याच आठवड्यात जुईला घेऊन अक्काच्या गावाला गेली. वाटभर तिने वाक्यं जुळवली होती. दुकानापुढे गाडी थांबवून ती उतरली आणि तिथेच थबकली. दुकानात ब्लाऊज लटकत होते, परकर होते, शाळेचे गणवेश होते. झबली नव्हती. टोपडं एक नव्हतं.

"बारक्या पोरांचं शिवणं बंद केलंत?"

"केलं," मशीनवरून उठत अक्का म्हणाली. "लोकास्नी काय सांगायचं? आपल्या हाताचं कापड, उद्या कुणाच्या लेकराला बाधलं तर?"

जुई बाहेरच खेळत राहिली. सानिका बाकावर बसली. जुळवलेलं एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नव्हतं. मग तिने सरळ सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, तिच्या तोंडून काय निघालं, अक्काच्याच हातांनी जुई आठवड्यात बरी झाली असती, आणि उष्टावणातले ते वळ कुणी घडवले. अक्का ऐकत होती. मधे तिने पायाने मशीनचं चाक उगाच फिरवलं आणि थांबवलं.

"माझं फार चुकलं, अक्का."

अक्का सानिकाकडे न बघता बोलली. "शेजारच्या रूपालीला जुळी झाली. हातावर घे म्हणून मागं लागली हुती बिचारी. दारातनंच बघून आले. थोरल्या जावंच्या नातवाला न्हाई घेतलं, ती अजून बोलत न्हाई माझ्यासंगं. या दोन वर्सांत गावात किती बाळंतपणं झाली, सानिका. एक लेकरू मी हातात घेतलं न्हाई."

सानिका रडायला लागली. अक्काने तिला रडू दिलं. तिची समजूत काढली नाही, असू दे म्हणाली नाही.

"निदान आता घ्या तिला," सानिका म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. खरंच सांगितलंय, अक्का. शपथ."

अक्काने मान वर करून तिच्याकडे बघितलं. या बाईचं ऐकावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी शेवटी ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिने दोन्ही हात हळूहळू पुढे केले. "ये गं जुई."

"आत्ती!" म्हणत जुई बाहेरून पळत आली. पायरीपाशी पोचली आणि थांबली. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट बांधले, कमरेत वाकली आणि हसून आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आत्याला भेटायचं ते असंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.